फक्त ८० लाख ऑनवर्ड्स

मुंबईत घर बघायला लागलं की आधी भूगोल बदलतो. लोअर परळ ब्रोशरमध्ये अप्पर वरळी होतं, वडाळ्याचं न्यू कफ परेड झालंय आणि भिवंडीच्या वाटेवर जे काही उभं राहतंय ते अप्पर ठाणे. आम्ही कांदिवलीत बघत होतो, तिथे अजून अप्पर वगैरे काही लागलेलं नाही, पण 'स्टेशनपासून १० मिनिटं' आहेच. ही १० मिनिटं रात्री ३ वाजता मोजलेली असणार आणि मोजणारा ॲम्ब्युलन्समध्ये असणार.

साइटवर गेलं की आधी एसीत बसवून कॉफी, मग मोठ्या स्क्रीनवर टॉवरचा सिनेमा, ज्यातल्या स्विमिंग पूलमध्ये एकही पोर कोकलत नसतं, आणि मग सॅम्पल फ्लॅट. तिथे एकाही खोलीला दार नव्हतं. मला वाटलं हल्लीची फॅशन असेल, मग डोक्यात प्रकाश पडला की दार उघडायला जागा लागते, ती दिसायला नको. कपाटाच्या जागी भिंतभर आरसा, त्यामुळे बेडरूम दुप्पट आणि आम्ही चौघं. बायको म्हणाली, "अरे, त्या बेडवर जरा आडवा हो बघू." सेल्सवाला पोरगा "सर प्लीज, डिस्प्लेचा आहे" म्हणेपर्यंत मी झालो पण होतो, आणि साडेपाच फुटी माणसाचे घोटे बेडच्या बाहेर लोंबत होते. बायकोने शांतपणे पर्समधून मेजर टेप काढली. पोरगा एवढा पांढरा पडलेला मी किमतीवर घासाघीस करतानाही बघितला नाही.

३५० चौरस फूट कार्पेट, म्हणजे घराच्या आतली जागा. २०१७ ला रेरा, म्हणजे बिल्डरांना वेसण घालणारा कायदा, आल्यापासून कार्पेटवरच विकावं लागतं हे बरंच झालं, नाहीतर आधी सुपर बिल्टअपच्या नावाखाली जिना, लिफ्ट, लॉबी सगळ्याचे तुकडे आपल्या गळ्यात मारायचे. पण कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडीही धरतात, त्यामुळे कॅलेंडरचा खिळा जिथे ठोकणार ती वीटसुद्धा चौरस फुटाच्या भावाने.

ताबा कधी विचारलं तर म्हणाला, "टार्गेट पझेशन डिसेंबर २०२७." ब्रोशरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला तर महारेराच्या साइटवर २०२९. तर म्हणे, "सर, ती रेरा पझेशन, ही टार्गेट पझेशन." म्हणजे एक तारीख सरकारला सांगायची, एक गिऱ्हाइकाला, आणि तिसरी खरी, ती बहुतेक सिमेंट कालवणाऱ्यालाच माहीत असते.

खरी मजा हिशोबाला. ८० लाखावर बँक फार तर ८० टक्के देते, म्हणजे १६ लाख आपले. स्टँप ड्युटी ६ टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, आणि हे दोन्ही लोनमध्ये बसत नाही. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, अजून ४ लाख. त्यात फ्लोअर राइज (वरच्या मजल्याचे जादा पैसे), क्लब हाउस, पार्किंग (स्टॅकमधलं, एकावर एक गाडी, म्हणजे खालच्या मजल्यावरचे शहा ऑफिसला गेल्याशिवाय आपली गाडी निघणार नाही). मी विचारलं परवडणारी घरं म्हणजे नक्की काय हो, तर तो म्हणाला ४५ लाखाच्या आत असेल तर जीएसटी फक्त १ टक्का. म्हटलं दाखव. तो हसला, मीही हसलो, आत कॉफी करणारा मुलगाही हसला.

मग त्याने हुकमाचा एक्का काढला. "मॅडमच्या नावावर घ्या ना सर, लेडीजना स्टँप ड्युटीत १ टक्का माफ." म्हणजे ८० हजार वाचणार, पण त्यासाठी ॲग्रीमेंटमध्ये फक्त बाईचं नाव पाहिजे, नवऱ्याचं घुसवलं की सवलत गेली. बायकोला अख्ख्या प्रोजेक्टमध्ये मनापासून आवडलेली ही एकच गोष्ट. हप्ते २० वर्षं माझ्या पगारातून, घर तिचं, आणि हे तिने तिथूनच फोन करून माहेरी कळवलं. सासूबाईंना हे सरकारचं आजवरचं सगळ्यात शहाणं काम वाटलं, आणि आता त्या डोंबिवलीचा फ्लॅटही आपल्या नावावर करून घ्यायचं म्हणतायत. सासरे माझा फोन उचलत नाहीत.