बंड्याचे बुबुळ आणि माझी वही

आमच्या बंड्या कुत्र्याने डावा डोळा मिटून माझ्याकडे पाहिले, तेव्हा तो मला डोळा मारतो आहे असा माझा प्रामाणिक समज झाला. नऊ वर्षांच्या सहवासात त्याने माझ्याशी इतकी सलगी कधीच दाखवली नव्हती, त्यामुळे मी सुखावलो आणि उलट त्यालाही एक डोळा मारला. आमचा हा स्नेहसंवाद दुपारपर्यंत चालला असता, पण तो सौभाग्यवतींच्या नजरेस पडला. "अहो, डोळा मारत नाहीये तो, डोळा दुखतोय त्याचा. पाणी बघा किती गळतंय!" खर्चाची शक्यता दिसताच कानाडोळा करणे हा माझा जुना स्वभाव आहे; परंतु या प्रकरणात अर्धा कानाडोळा आधीच आजारी असल्यामुळे तो मार्ग बंद होता. आम्ही त्याच दिवशी बंड्याला दवाखान्यात नेले. या साऱ्या प्रकरणात मी वेळेवर केलेली ती एकमेव गोष्ट होय.

आमच्या डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. त्या मला काका म्हणतात आणि रागावल्या की आणखी मोठ्याने काका म्हणतात. त्यांनी एका कागदी पट्टीचे नारिंगी टोक ओले करून बंड्याच्या डोळ्याला टेकवले, डोळा धुतला, खोलीतला दिवा मालवला आणि निळा उजेड टाकला. बुबुळाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याहून थोडा मोठा हिरवा ठिपका लखलखला. बुबुळावरचा जो पारदर्शक पडदा, ज्याला कॉर्निया म्हणतात, त्याची जाडी अवघी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. त्याचे सर्वांत वरचे आवरण शाबूत असले तर हा रंग नुसता घसरून जातो; आवरण निघाले असेल तर खालचा थर तो धरून ठेवतो. थोडक्यात, बंड्याच्या बुबुळावर व्रण होता. घरी परतताना त्याच्या डाव्या नाकपुडीतून हिरवे पाणी ओघळू लागले, तेव्हा रोग मेंदूत पोहोचला अशा खात्रीने मी थरथरत्या हाताने डॉक्टरबाईंना फोन लावला. "काका, डोळ्यातून नाकात उतरणारी नळी मोकळी आहे एवढाच त्याचा अर्थ. चांगली बातमी आहे ही." मी आयुष्यभर हिशेबनिसाचे काम केले आहे. घरी येऊन मी दोनशे पानी वही उघडली आणि खर्चाच्या रकान्यात पहिली नोंद केली : 'नळी मोकळी असल्याची तपासणी, विनामूल्य.' त्या रकान्यातली ती पहिली आणि शेवटची विनामूल्य नोंद ठरली.

साधा व्रण आठवड्याभरात भरून येतो, असे डॉक्टरबाईंनी सांगितले होते. दिवसातून चार वेळा प्रतिजैविकाचा थेंब टाकायचा, एकदा अॅट्रोपिनचा आणि अधूनमधून डोळा ओला ठेवणारे जेल घालायचे. प्रतिजैविक व्रण भरत नाही, ते फक्त जंतूंना दारात अडवते. भरण्याचे काम डोळ्याने स्वतःच करायचे असते. दोन औषधांच्या मध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावी लागतात, नाहीतर नंतरचे औषध आधीच्याला वाहून नेते, आणि जेल नेहमी शेवटी. डोळ्यात तेल घालून पहारा करणे हे मी तोवर केवळ म्हणीपुरते ऐकले होते. आता बंड्याच्या डोळ्यात औषध आणि आमच्या डोळ्यांत तेल, अशी कामाची विभागणी झाली.

ज्या कुत्र्याला नऊ वर्षांत 'बस' या एका शब्दाचा अर्थ समजला नाही, त्याला बाटलीचे झाकण फिरवल्याचा आवाज दोन खोल्यांपलीकडून ओळखता यावा, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर उकिडवा बसून, गोड बोलत, बाटली सरळ त्याच्या डोळ्याकडे नेली. समोरून येणारी बाटली कोणत्याही सुजाण प्राण्याला शस्त्रासारखी दिसणार, हे मला तेव्हा सुचले नाही. पहिला थेंब माझ्या चष्म्यावर पडला, दुसरा बंड्याच्या कानात आणि तिसरा सौभाग्यवतींच्या मनगटावर, ज्या केवळ 'मदतीला' म्हणून उभ्या होत्या. त्यात कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते. नेमक्या क्षणी ती पडद्यासारखी सरकते आणि डोळा उघडा असूनही दुकान बंद असल्याचे जाहीर करते. पुढे डॉक्टरबाईंनी योग्य पद्धत दाखवली. त्याची पाठ भिंतीच्या कोपऱ्याला लावायची, म्हणजे मागे सरकायला जागाच उरत नाही. आपण बाजूला बसायचे, एका हाताने हनुवटी वर उचलायची, दुसरा हात कपाळावरून आणून त्याच हाताने वरची पापणी किंचित ओढायची आणि बाटलीचे टोक डोळ्याला लागू न देता वरून एकच थेंब सोडायचा. एकच, कारण डोळ्यात एका थेंबाहून अधिक औषध मावतच नाही. उरलेले गालावरून ओघळते आणि गालाला व्रण झालेला नसतो. हे कळल्यावर मी वहीत गणित मांडले. पाच मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे शंभर थेंब धरले, तर दिवसाला चार या दराने ती पंचवीस दिवस पुरायला हवी. माझी पहिली बाटली चार दिवसांत संपली होती. त्यातले किती थेंब बंड्याच्या वाट्याला आले आणि किती माझ्या चष्म्याच्या, याचा ताळा मी जुळवला नाही.

अॅट्रोपिनची गोष्ट वेगळीच. डोळ्याच्या आतली कळ शमावी म्हणून ते देतात. पण ते भलतेच कडू असते आणि ती मोकळी नळी, जिच्याबद्दल मी इतका आनंदित झालो होतो, ते नाकातून थेट घशात उतरवते. थेंब टाकताच बंड्याच्या तोंडाला असा फेस आला की सौभाग्यवती खुर्चीवर चढल्या आणि मी खुर्चीमागे गेलो. त्याची बाहुली मात्र नंतर कित्येक दिवस एवढी विस्फारलेली राहिली की मी नुसता खोलीत आलो तरी तो माझ्याकडे पराकोटीच्या आश्चर्याने पाहतो आहे असे वाटे.

आठवड्यानंतर पुन्हा पट्टी, पुन्हा निळा उजेड, पुन्हा हिरवा ठिपका. या वेळी रंग व्रणाच्या कडेखालीही पसरला होता. डॉक्टरबाई गंभीर झाल्या. हा हट्टी व्रण होता. त्यात होते असे की वरचे आवरण नव्याने वाढते, व्रणावर येऊन पसरतेही, पण खालच्या थराला चिकटत नाही, कारण त्या थरावर एक पातळसा गुळगुळीत पापुद्रा तयार झालेला असतो. भिंत खरवडल्याशिवाय लावलेला रंग जसा पोपडे धरतो, तसेच. उतारवयाकडे झुकलेल्या कुत्र्यांना हे होते, बॉक्सर जातीत विशेष. "याच्यात बॉक्सर आहे का हो काका?" बंड्याची वंशावळ आजवर कोणालाही लावता आलेली नाही. शेपूट एका जातीचे, कान दुसऱ्या, आणि स्वभाव कोणत्याच जातीचा नाही. त्याच्या अंगी खानदानी म्हणावे असे काही निघालेच, तर ते हे दुखणे. आणि माझा आक्षेप त्या चिकटण्यावरच होता. ज्या जनावराचे केस सोफ्याला, कपड्यांना, वहीच्या पानांनाही असे चिकटतात की धुऊनही निघत नाहीत, त्याच्या अंगावर न चिकटणारी एकमेव गोष्ट नेमकी बुबुळावर असावी, हा कुठला न्याय?

उपाय ऐकून माझ्याच डोळ्यांना पाणी आले. डोळा बधिर करणारे थेंब टाकून डॉक्टरबाईंनी कोरड्या कापसाच्या काडीने ते सैल आवरण पुसून काढायला सुरुवात केली, आणि भिजलेल्या कागदासारखे ते निघत गेले, निघतच गेले. टाचणीच्या डोक्याएवढा व्रण बघता बघता जवळजवळ अर्ध्या बुबुळावर पसरला. पैसे देऊन जखम मोठी करून घेण्याचा हा व्यवहार मला हिशेबाच्या कोणत्याच नियमात बसवता येईना. "सैल आहे तेवढं सगळं काढावंच लागतं, काका. घट्ट असतं ते निघत नाही." बंड्या मात्र बधिर डोळ्याने इतका शांत बसला होता की मी ती बधिर करणारी बाटलीच घरी मागितली. नकार ताबडतोब मिळाला. ते थेंब वारंवार टाकले तर व्रण भरायचा थांबतो आणि बधिर डोळ्याला बंड्या काय इजा करून घेईल ते वेगळेच.

मग मी माझ्या मते तुरुपाचे पान काढले. घरच्या औषधांच्या डब्यात माझ्या स्वतःच्या डोळ्याची एक उरलेली बाटली होती, जवळजवळ भरलेली, आणि ती वाया जाऊ नये म्हणून मी खिशात घालून आणली होती. डॉक्टरबाईंनी तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली आणि अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्या 'काका' म्हणाल्या. त्या औषधात डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड होते. व्रण असलेल्या डोळ्यात स्टेरॉइड गेले तर भरून येणे खुंटते, जंतूंचे फावते आणि बुबुळाला भोक पडण्यापर्यंत पाळी येऊ शकते. लालसर डोळा दिसला की डब्यातली जुनी बाटली काढणाऱ्या काकांमुळेच निम्मे डोळे बिघडतात, असेही त्या पुटपुटल्या. ते मला उद्देशून नव्हते असे मी समजून चालतो. काटकसरीचा खरा मार्गही त्यांनीच दाखवला. त्यांनी चिठ्ठीवर कंपनीचे नाव न लिहिता औषधाचे मूळ नाव लिहून दिले. ते प्रतिजैविक माणसांच्या औषधांच्या दुकानातही मिळते आणि तेच औषध एका नावाने महाग तर दुसऱ्या नावाने स्वस्त असते. मी ते सर्वांत स्वस्त नाव शोधले. मात्र उघडलेली बाटली महिन्याभराने टाकून द्यावी लागते, हे ऐकून तो आनंद काहीसा ओसरला.

डोळा चोळता येऊ नये म्हणून बंड्याच्या गळ्यात जो प्लास्टिकचा शंकू घातला होता, त्याला इंग्रजीत एलिझाबेथन कॉलर म्हणतात. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात, म्हणजे १५५८ ते १६०३ या काळात, तिथले मानकरी गळ्याभोवती ज्या चुणीदार, पसरट झालरी घालीत, त्यांच्यावरून हे नाव पडले. बंड्याने त्यातला राजेशाही भाग तत्काळ उचलला. दरवाजाची चौकट, टेबलाचा पाय आणि माझी पोटरी यांनी आपल्याला वाट करून द्यावी, अशी त्याची अपेक्षा असे. रात्री तो कूस बदले तेव्हा कुणी बादली जिन्यावरून सोडली आहे असे वाटे. दया येऊन एकदा, फक्त दहा मिनिटे, मी तो शंकू काढला. आठव्या मिनिटाला त्याने पंजाने डोळा असा चोळला की आठवड्याची कमाई गेली.

आता वहीकडे वळतो. तिसऱ्या आठवड्यातच डॉक्टरबाईंनी सुचवले होते की कापसाच्या काडीने निम्म्याशिम्म्या कुत्र्यांचे भागते, पण बंड्याचे भागेलसे दिसत नाही. डोळ्यांच्या तज्ज्ञाकडे हिऱ्याच्या फिरत्या टोकाने तो पापुद्रा घासून घ्यावा. 'हिरा' हा शब्द ऐकताच मी म्हणालो, "आणखी एक आठवडा बघू या." पाचव्या आठवड्यातही मी तेच म्हणालो, नुसता आवाज थोडा बारीक केला. सहाव्या आठवड्याच्या शेवटी मी वहीतली बेरीज केली. काडीने खरवडणे तीन वेळा, फेरतपासण्या पाच, बाटल्या नऊ, शंकू दोन (पहिला चौकटीने फोडला), आणि या साऱ्यांची बेरीज हिऱ्याच्या अंदाजपत्रकाच्या पुढे गेलेली. मी बेरीज खालून वर केली, तरी तीच आली. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात. आमच्याकडे आंधळे होण्याची धास्ती कुत्र्याला होती, दळण माझ्याकडे होते आणि पीठ भलतीकडेच चालले होते. बंड्या आमच्याकडे फुकट आला असल्यामुळे कोंबडी आणि मसाला यांचे गुणोत्तर काढण्याचीही सोय नव्हती.

तज्ज्ञांकडे जाताना मी शहाणा झालो होतो. टेबलावर कुत्र्याला चढवण्याआधी मी तीन प्रश्न विचारले : यात काय काय धरले आहे, फेरतपासणीचे वेगळे पैसे पडतील का, आणि यानेही व्रण भरला नाही तर पुढचा खर्च काय? त्यांनी न चिडता सगळे कागदावर लिहून दिले आणि रक्कम दोन हप्त्यांत घेण्याचे मान्य केले. हे असे मागता येते, हे मला साठी ओलांडल्यावर कळावे! यश पुष्कळांना येते, पण हमी कुणालाच नाही, हेही त्यांनी आधीच सांगितले, आणि त्या एका वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. ते यंत्र हातात मावणारे, पेनाएवढे, बॅटरीवर चालणारे. डोळा बधिर करून, भूल न देता, एक-दोन मिनिटांत काम आटोपले. पस्तीस वर्षांच्या संसारात आमच्या घरातल्या कुणाच्या तरी अंगाला प्रथमच हिरा लागला होता. सौभाग्यवती त्यावर काहीच बोलल्या नाहीत. ते मौन मला बिलापेक्षा महाग वाटले.

वर पट्टीऐवजी एक मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बसवली, म्हणजे पापणीचे घर्षण होत नाही. मी वयाच्या बाराव्या वर्षापासून जाड भिंगांचा चष्मा लावतो. लेन्स मला कधी परवडल्या नाहीत. बंड्याने ती सहा दिवस वापरली. सातव्या दिवशी सकाळी ती शंकूच्या आतल्या बाजूला वाळून चिकटलेली सापडली. प्लास्टिकला ती अगदी पक्की चिकटली होती.

त्यानंतर मात्र दोन आठवडे डोळ्याला हात न लावता थांबायचे होते, आणि थांबणे फुकट असूनही मला ते सर्वांत जड गेले. चौदाव्या दिवशी निळा उजेड पडला. मी श्वास रोखून धरला. डॉक्टरबाईंनी डोळा डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, मला वाकून पाहायला लावले. हिरवे काहीच नव्हते. पांढुरका अंधूक डाग तेवढा राहिला होता, तो हळूहळू फिका होईल. "उजव्या डोळ्यालाही होऊ शकतं हं कधी," त्या जाता जाता म्हणाल्या. मी वहीची पुढची दोन पाने कोरी सोडली.

औषध बंद झाले, पण प्रत्येक थेंबानंतर बक्षीस म्हणून जो खाऊ मिळायचा, तो बंद झाल्याचे बंड्याला कोणी कळवलेले नाही. अजूनही दिवसातून चार वेळा, घड्याळ लावल्यासारखा, तो कोपऱ्यात जाऊन भिंतीला पाठ टेकतो, हनुवटी वर करतो आणि डावा डोळा मिटतो. मी खाऊ देतो आणि वहीत 'किरकोळ' या सदरात लिहितो.