क्रूझ चालेना म्हणून बॅटरी काढायची?

समृद्धी महामार्ग झाल्यापासून नाशकात क्रूझ कंट्रोलचं (ॲक्सिलरेटर न दाबता गाडी ठरावीक वेगात ठेवणाऱ्या सोयीचं) कौतुक वाढलंय, आणि घरगुती मेकॅनिकांचंही. सध्या फिरणारा मेसेज थोडक्यात असा : क्रूझ लागेना म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर हँग झाला. बॅटरीची निगेटिव्ह थोडा वेळ काढून ठेवा. नाहीच जमलं तर ब्रेक स्विचच्या (ब्रेक दाबल्याचं गाडीला कळवणाऱ्या, पेडलजवळच्या स्विचच्या) वायरी एकमेकींना जोडा, नाहीतर स्टेअरिंग खोलून बटणं साफ करा.

कॉम्प्युटर हँग वगैरे काही नसतो. ब्रेक, क्लच किंवा चाकांचा वेग यांपैकी एखाद्या सिग्नलवरचा त्याचा भरवसा उडतो, म्हणून तो क्रूझ लावू देत नाही. पुष्कळ गाड्यांत इंजिनचा पिवळा दिवा पेटला असेल तरी क्रूझ बंदच राहतं.

बॅटरी काढल्याने बिघाड जात नाही, त्याची नोंद मात्र जाऊ शकते. मग गॅरेजवाला शोधणार काय? त्यापेक्षा डॅशबोर्डखाली ओबीडी डोंगल (गाडीने नोंदवलेले बिघाड मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) लावून आधी बिघाडाचे कोड वाचा. पी०५७१ म्हणजे ब्रेक स्विचचं सर्किट, पी०५०० म्हणजे वेगाचा सिग्नल. स्वस्तातल्या डोंगलला एबीएसचे (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचे) कोड बहुधा दिसत नाहीत, तेव्हा ‘कोड नाही’ म्हणून निश्चिंत होऊ नका.

वायरी जोडण्याचा सल्ला तर जीवावर बेतणारा आहे. बऱ्याच गाड्यांच्या ब्रेक स्विचमध्ये वायरींच्या दोन जोड्या असतात : एक ब्रेक लाइटची, दुसरी ब्रेक दाबताच क्रूझ सोडवणारी. ब्रेक लाइटची जोडी जोडलीत तर दिवा कायम पेटलेला आणि ‘ब्रेक दाबलाय’ असं समजून क्रूझ लागणारच नाही. दुसरी जोडलीत तर नव्या गाड्या दोन सिग्नलमधली तफावत बहुधा ओळखतात. जुनी गाडी मात्र फसू शकते. म्हणजे कसारा घाटाच्या अलीकडे ब्रेकला पाय लावला तरी क्रूझ सुटेलच याची खात्री नाही.

तपासायचंच तर रात्री पार्किंगमध्ये गाडी भिंतीकडे पाठ करून लावा. पेडलवर पाय नसताना भिंतीवर लाल उजेड पडतोय? पेडल बोटाने वर उचललं की तो जातोय? मग स्विचची सेटिंग सरकलीय किंवा पेडलवरचा छोटा स्टॉपर झिजलाय. काही गाड्यांत हा स्टॉपर कालांतराने ठिसूळ होऊन फुटतो आणि मॅटवर प्लास्टिकचा चुरा सापडतो. काम किरकोळ असतं. हे न बघता थेट ‘मॉड्यूल (म्हणजे कॉम्प्युटरच) बदला’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

राहिलं स्टेअरिंग. त्यात एअरबॅग असते. घरी हात लावायचा नाही. क्रूझच्या बटणांसोबत हॉर्नही जातोय आणि एअरबॅगचा दिवाही लागतोय, तर स्टेअरिंगमागची गुंडाळलेली केबल तुटल्याचा संशय घ्यायचा आणि गॅरेजमध्ये एवढी लक्षणं सांगायची.