हयातीचा दाखला आणि हेवी मेटल

हेवी मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक संगीत, ऐकणाऱ्याचे हाल कुणी विचारत नाही, आणि मेटल बघणाऱ्याचे तर नाहीच नाही. ऐकायला निदान इअरफोन असतो. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता स्लेअर ऐकणारी डोंबिवलीत मी एकटीच नसेन. पण व्हिडिओ मोबाइलवर बघण्यात राम नाही. काळोखात उभी काळ्या कपड्यांतली, काळ्या केसांची माणसं. वितभर पडद्यावर गिटार कुठे संपते आणि वाजवणारा कुठे सुरू होतो, काही कळत नाही. त्याला हॉलमधला मोठा टीव्हीच लागतो. आणि हॉलमध्ये मटार सोलत सासूबाई बसलेल्या असतात.

आमच्या सासूबाई कुडाळच्या. रात्र रात्र जागून दशावतार बघितलेल्या. त्यामुळे त्या कशाला दचकत नाहीत, आणि सगळा घोळ तिथेच आहे. 'शी, काय हे!' म्हणून आत निघून गेल्या असत्या, तर मी सुखानं बघितलं असतं. त्या बसून राहतात आणि शंका काढतात.

नॉर्वेतल्या बर्गेनचा इमॉर्टल हा बँड घ्या. तिथल्या ब्लॅक मेटलचा, म्हणजे मेटलच्या सगळ्यात काळ्याकुट्ट प्रकाराचा, नव्वदीच्या सुरुवातीला काय दरारा होता! चर्च जाळण्यापर्यंत मजल गेली होती काहींची. त्याच काळात या मंडळींनी 'कॉल ऑफ द विंटरमून'चा व्हिडिओ काढला. तोंडं प्रेतासारखी पांढरीफटक, डोळ्यांभोवती काळं, गाणं हिवाळ्याच्या चंद्राचं. आणि प्रत्यक्षात ही माणसं भरदिवसा रानातून आणि पडक्या भिंतींमधून नुसती पळतायत. मधूनच एखादा तोंडातून जाळ काढतो आणि पुन्हा पळायला लागतो.

"ही पोरां रानात धावतत कित्याक?" सासूबाईंनी विचारलं.

मी मृत्यू, अंधार, उत्तरेकडचा बर्फ असं बरंच काही सांगितलं.

"मगे दिवसाढवळ्या कित्याक?"

मी इतकी वर्षं मेटल ऐकते, याला उत्तर नाही. पुढे त्या रंगाकडे वळल्या. दशावतारी नट पेटाऱ्यावर आरसा टेकवून आपला रंग आपणच लावतो आणि पहाटेपर्यंत तो हलत नाही. यांचा घामानं ओघळलाय, हात कच्चा आहे, असा निकाल लागला. खरं सांगायचं तर मलाही पूर्वीपासून तसंच वाटत होतं.

नवरा बँकेत आहे. त्याला ज्युडास प्रीस्ट या बँडचं 'ब्रेकिंग द लॉ' दाखवलं. १९८० सालचं, गिटारच्या जोरावर बँक लुटतात ते. दरोड्याचं त्याला काही वाटलं नाही. पहारेकरी ड्युटीवर पुठ्ठ्याची गिटार वाजवतो, हे मात्र फार लागलं. "याची चौकशी लागली असेल," म्हणाला आणि जेवायला बसला.

रामस्टाइननं तर माझी कसोटीच बघितली. 'सोन्ने', २००१. बर्लिनचे हे सहा दांडगे गडी त्यात बुटके झालेत, खाणीतून सोनं खणतायत, आणि सात बुटक्यांच्या गोष्टीतली स्नो व्हाइट त्यांना धाकात ठेवते, वर सोन्याची पूड नाकानं ओढते. मूळ गाणं व्हिताली क्लिच्को या मुष्टियोद्ध्यानं रिंगणात उतरताना वाजावं म्हणून रचायला घेतलं होतं. त्यात एकापासून आकडे मोजतात ते म्हणूनच, पडलेल्यासमोर रेफरी मोजतो तसे. क्लिच्कोनं ते काही घेतलं नाही, मग त्याची परीकथा झाली. एवढी सुरस कथा मी रंगवून सांगितली, आणि सासूबाई पडद्यावरची डोकी मोजत म्हणाल्या, "सातवो खंय?"

खरी रंगत आली ती नाइन इंच नेल्स या बँडच्या वेळी. 'क्लोजर'चा मार्क रोमानेकनं केलेला १९९४चा व्हिडिओ मी मुद्दाम सासूबाई देवळात गेल्या असताना लावला होता. खुर्चीला जोडलेलं धडधडतं हृदय, क्रुसावरचं माकड, फिरणारं डुकराचं मुंडकं. एमटीव्हीनं 'सीन मिसिंग' अशा पाट्या घालून तो दाखवला होता. आज तो न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. माकडाच्या दृश्यालाच लॅच उघडलं. गाण्याचे शब्द काय, हे त्यांनी विचारलं नाही, ही कुलदेवतेची कृपा. माकडाला खायला काय दिलं असेल, एवढंच विचारलं.

विषय बदलावा म्हणून त्याच बँडच्या गायकाची, ट्रेंट रेझ्नरची, १९८९ची गोष्ट सांगायला घेतली. 'डाउन इन इट'चं शिकागोत चित्रीकरण चाललेलं. शेवटी हा रस्त्यावर मरून पडलेला दाखवायचा होता. चेहरा मृताचा दिसावा म्हणून कॉर्नफ्लॉवर फासलेलं.

"मंचुरियनात घालतो ता?"

तेच. कॅमेरा त्याच्यावरून आकाशात वर वर जायला हवा, म्हणून तो फुग्याला बांधला. दोरी तुटली आणि कॅमेरा फुग्यासकट उडाला, तो थेट मिशिगनमधल्या एका शेतात जाऊन पडला. शेतकऱ्यानं इमानेइतबारे पोलिसांकडे दिला. पोलिसांनी फिल्म बघितली तर काय, गल्लीत प्रेत! प्रकरण एफबीआयकडे गेलं. इकडे खुनाचा तपास आणि तिकडे मयत ठिकठिकाणी गाण्याचे कार्यक्रम करत फिरतोय.

सासूबाईंच्या हातातले मटार थांबले. त्यांना फॅमिली पेन्शन आहे. दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि एकदा अंगठा उमटेना म्हणून त्यांना परत पाठवलं होतं.

"हयातीचो दाखलो दिल्यान नाय?"

तेव्हापासून ही गोष्ट त्यांची झाली. समोरच्या काकूंना त्यांनी ती सांगितली तेव्हा शेतात भात उभं होतं आणि पोलीसपाटलानं पंचनामाही केला होता. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते, दुरुस्ती करायची हिंमत झाली नाही.

"मग सुटला का बिचारा?" काकूंनी मला हाक मारून विचारलं.

मी म्हटलं, सुटला. पुढे सिनेमाला संगीत दिलं, २०११ साली ऑस्कर मिळालं.

"आणि लग्न?"

"झालं. मुलंही आहेत."

"किती?"

"पाच."

हे ऐकून दोघींचं समाधान झालं. काकू टीव्हीसमोर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, "मग ते माकडाचं लाव बघू."