रँकिंगआधी अभ्यासक्रम वाचा

परदेशी विद्यापीठ निवडताना आधी जागतिक रँकिंग बघा, असं एका लेखात म्हटलंय. जर्मनीपुरतं तरी मला हे अजिबात पटत नाही. तिथली उपयोजित विज्ञानाची विद्यापीठं, ज्यांना ते होखशूल म्हणतात, या याद्यांत फारशी दिसत नाहीत, कारण याद्यांचा भर संशोधनावर. पण तिथे प्राध्यापक व्हायला साधारण ५ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, त्यातली ३ वर्षं विद्यापीठाबाहेरची! बॅचलरला बऱ्याच ठिकाणी एक अख्खं सत्र कंपनीत काढावं लागतं.

भाचीसाठी आम्ही अशा विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरचं 'मोड्यूलहांडबुख', म्हणजे अभ्यासक्रमाची माहितीपुस्तिका, उघडून बसलो होतो. कुठल्या विषयाला किती क्रेडिट, परीक्षा लेखी की प्रकल्प, सगळं त्यात असतं. एजंट लोक हे कधी दाखवत नाहीत.

फी बहुतेक सरकारी ठिकाणी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्याला सत्राला १५०० युरो. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण जर्मन येत नसेल तर ते भराभर संपतात. मुलांनो, कोर्स इंग्रजीत असला तरी बी१ पर्यंतचं, म्हणजे मध्यम पातळीपर्यंतचं, जर्मन पुण्यामुंबईतच उरकून जा. तिथे अभ्यास आणि पार्टटाइम कामातून वेळ काढणं फार अवघड जातं.