पिस्तूल विकणे आहे, पण तुला नाही

परवा रात्री जेवताना फोन वाजला. व्हॉट्सॲपवर बातमीची एक लिंक आणि खाली तीन शब्द. "काका, आता बोला."

पाठवणारा मुलगा वीस वर्षांचा. आमच्या मित्राचा मुलगा, इथेच डॅलसला जन्मलेला. गणपतीत 'घालीन लोटांगण'ला सगळ्यात मोठा आवाज त्याचा. बातमी होती ३० जानेवारी २०२५ च्या निकालाची. न्यू ऑर्लिन्सच्या पाचव्या सर्किट अपील कोर्टानं म्हटलंय की अठरा ते वीस वयाच्या तरुणांना परवानाधारक दुकानदारानं पिस्तूल विकायचं नाही, ही केंद्रीय कायद्यातली बंदी घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीशी, म्हणजे शस्त्र बाळगायच्या हक्काशी, विसंगत आहे. आमचं टेक्सस याच कोर्टाच्या हद्दीत येतं.

आमचा वाद दीड वर्ष जुना आहे. त्याला उत्तर लिहायला बसलो, ते लांबत गेलं. म्हटलं इथेच टाकावं, कारण या प्रसंगातून जाणारा मी एकटा मराठी माणूस नसणार. नावं अर्थातच लिहीत नाही.

तर सुरुवातीपासून. २०२० च्या उन्हाळ्यात मी पिस्तूल घेतलं. हो, मी. वरण-भात खाणारा, मुंगीला चुकवून चालणारा. करोनाचे दिवस होते, दुकानांबाहेर रांगा, आणि देसी घरांत सोनं असतं हे चोरांना पाठ झालेलं. आमच्याच भागात दोन-तीन घरं फुटली. बायको म्हणाली, कुत्रा पाळू. मी पिस्तूल आणलं. (कुत्रा पाळायला हवा होता.) दुकानात सरकारी फॉर्म भरला, ४४७३ नंबरचा. गुन्हा केलाय का, व्यसन आहे का, कोर्टानं मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलंय का, आणि खरा खरेदीदार तुम्हीच ना. दुकानदारानं माहिती पाठवली, मी काउंटरवरचं च्युइंगगम बघत उभा राहिलो, पाच-सात मिनिटांत हिरवा कंदील. साडेपाचशे डॉलर.

तीन वर्षांत नेमबाजीच्या रेंजवर चारदा गेलो. बाकी वेळ ते कपाटातल्या छोट्या सेफमध्ये, पासपोर्टांच्या शेजारी. मुलगा पंधराचा झाला तेव्हा बायकोनं विषय काढला की हे घरात नको. मलाही मनातून तेच वाटत होतं. २०२३ च्या मे महिन्यात डॅलसजवळच्या ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार होऊन आठ माणसं गेली होती, त्यात एक तेलुगू इंजिनिअर मुलगी. आम्ही दिवाळीचे बूट तिथून घेतो. त्यानंतर सेफ उघडताना हाताला कसंतरी व्हायचं.

एका पॉटलकला (प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचं जेवण) सहज बोलून गेलो की विकायचंय. दुसऱ्या दिवशी या मुलाचा फोन. एकोणीस पूर्ण झालेलं, कॉलेजच्या बाहेर अपार्टमेंट घेतलेलं, पार्किंगमध्ये रूममेटला लुटलेलं. "काका, चारशेला द्याल? लीगल आहे, मी सगळं वाचलंय."

मी म्हटलं, वेड लागलंय का, एकवीसशिवाय पिस्तूल मिळत नाही.

"दुकानात मिळत नाही. तुम्ही दुकान आहात का?"

मी रात्री बसून वाचलं आणि पोरगं बरोबर निघालं. १९६८ च्या कायद्यानं परवानाधारक दुकानदाराला दोन वयं घालून दिली. रायफल-शॉटगन अठराला, पिस्तूल एकवीसला. पण तुमच्या-माझ्यासारखा, ज्याचा हा धंदा नाही असा माणूस आपल्याच राज्यातल्या रहिवाशाला पिस्तूल विकत असेल, तर केंद्राची अट अठराचीच. रायफलला तर खाजगी विक्रीत केंद्राची किमान वयाची अटच नाही. काही राज्यांनी स्वतःचे कडक नियम केलेत. टेक्ससमध्ये अठराच्या पुढे तसं काही नाही. फॉर्म नाही, चौकशी नाही. समोरचा माणूस बंदूक बाळगायला अपात्र आहे हे तुम्हाला माहीत असेल, किंवा तसं वाटायला सबळ कारण असेल, तर विकायची नाही, एवढंच. म्हणजे जितकं कमी विचाराल तितके तुम्ही सुरक्षित. वाचून मी लॅपटॉप मिटला.

मग वाटलं, ठीक आहे, आपण जास्त काळजी घेऊ. बरेच दुकानदार पंचवीस-तीस डॉलर घेऊन दोन खाजगी माणसांमधला व्यवहार आपल्या वहीत घेतात, चौकशी करतात, मग वस्तू हवाली करतात. शनिवारी पिस्तूल डब्यात घालून दुकानात गेलो. काउंटरवर पांढऱ्या मिशांचा म्हातारा, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यानं स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामं आहे ना ते आधी डोळ्यांनी बघितलं, मग करंगळी घालून बघितलं. मी आत्ताच त्याच्यासमोर रिकामं करून दिलं होतं, तरी. मग मुलाचं वय विचारलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. म्हणाला, माझ्यामार्फत द्यायचं तर खरेदीदार एकवीसचाच लागतो, चौकशी करूनसुद्धा मी एकोणीसच्या पोराला देऊ शकत नाही. आणि मग हनुवटीनं काचेबाहेर दाखवत म्हणाला, तिथे पार्किंगमध्ये तुम्ही देऊ शकता.

मी वळून बघितलं. बाहेर एका पिकअपजवळ एक बाई पोराला कारसीटमध्ये बसवत होत्या.

म्हणजे जबाबदारीनं वागायला गेलं की कायदा आडवा येतो, आणि गुपचूप हातात ठेवून चारशे डॉलर मोजून घेतले की तोच कायदा दुसरीकडे बघतो. इतकी वर्षं या देशात राहून इथल्या कायद्यांची सवय झालीये, पण हे डोक्यात शिरायला मला घरी पोचेपर्यंतचा वेळ लागला.

संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला. तो म्हणाला, "अरे दे की. दुकानापेक्षा ओळखीतलं बरं. तुझी कोरोला नाही का मी घेतली?"

मला खरं भांडायचंय ते या वाक्याशी. आपल्याकडे ओळखीतला व्यवहार म्हणजे चोख व्यवहार. मंडळाच्या ग्रुपवर सोफा, कुकर, ढोकळापात्र, गाडी, सगळं ओळखीत जातं. त्याच हिशेबानं पिस्तूलही जावं? मी या पोराला लहानपणापासून ओळखतो म्हणजे काय ओळखतो? त्याचा कुर्ता, त्याचे मार्क, त्याला पुरणपोळी आवडत नाही हे. तो रात्री तीनला जागा असतो का, का असतो, हे मला ठाऊक नाही. त्याच्या वडिलांनाही कितपत ठाऊक आहे, याची मला शंका आहे. मला तरी माझ्याच मुलाचं कुठे ठाऊक आहे.

आणि इथे मॉलमधल्या गोळीबारापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी आहे, तिच्याबद्दल आपण पॉटलकला बोलत नाही. अमेरिकेत २०२२ साली बंदुकीनं ४८ हजारांवर माणसं गेली, त्यातल्या २७ हजार आत्महत्या. निम्म्याहून जास्त. औषधाच्या गोळ्या खाऊन जीव द्यायला निघालेली बहुतेक माणसं वाचतात. बंदुकीनं तसं करायला गेलेल्या दहातली जवळजवळ नऊ वाचत नाहीत. एकोणीसाव्या वर्षी पहिल्यांदा नापास झालेल्या, ब्रेकअप झालेल्या, घरी सांगायची सोय नसलेल्या देसी पोराचं एक वाईट दार उघडायला आपल्याकडची किल्ली मी द्यायची, तीही ओळखीतली म्हणून?

मुलाचा मुद्दा सोपा नव्हता, हेही सांगतो. "मत देऊ शकतो, लग्न करू शकतो, सैन्यात जाऊन मरू शकतो, पण स्वतःच्या दारात स्वतःला वाचवू शकत नाही?" या देशात बिअरला एकवीस, २०१९ पासून सिगरेटलाही एकवीस, हे माझं उत्तर त्याला पटलं नाही, आणि खरं तर मलाही नाही. बिअर पिण्याचा हक्क घटनेत नाही. पण सैन्याचं उदाहरण मात्र त्याच्यावरच उलटतं. अठरा वर्षांच्या सैनिकाला रायफल मिळते, पण ती त्याच्या उशाशी नसते. तळावर ती शस्त्रागारात कुलूपबंद असते, सही करून घ्यायची, मोजून परत करायची. सैन्याचा अठरा वर्षांच्या पोरावर विश्वास नाही असं नाही. पण पोरगं आणि रायफल यांच्यामध्ये एक सार्जंट आणि एक वही असते.

माझे मामा कुडाळ तालुक्यातले. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. डुकरं आणि माकडं. दसऱ्याला तिला हळदकुंकू, निवडणूक आली की गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा. लहानपणी मला तो फार्सच वाटायचा. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात खाजगी बंदूक दुसऱ्याला विकायची तर घेणाऱ्याकडे परवाना लागतोच (वय एकवीस), शिवाय विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबायचं. शेजारच्या पोरानं एकदा रात्रीपुरती बंदूक मागितली तेव्हा मामा खेकसले होते, "ह्या काय भांडा न्हय, शेजाऱ्याक देवक!" भारतात देशी कट्टे कमी नाहीत, बिहारमधलं मुंगेर प्रसिद्धच आहे, तेव्हा आपलं काही फार थोर असं म्हणत नाही. पण ते पंचेचाळीस दिवस मला आता फार्स वाटत नाहीत.

कारण कोलंबाइन. १९९९ च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोतल्या त्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी बारा मुलं आणि एक शिक्षक मारले. आदल्या हिवाळ्यात ती दोघं सतरा वर्षांची होती, त्यांना बंदुका मिळेनात. म्हणून वर्गातल्या अठरा पूर्ण झालेल्या मैत्रिणीला घेऊन ते बंदुकांच्या प्रदर्शनात गेले. तिनं खाजगी विक्रेत्यांकडून दोन शॉटगन आणि एक कार्बाइन (आखूड रायफल) घेतली. वय दाखवलं, पैसे दिले, फॉर्म नाही. त्या विक्रीवरून तिच्यावर खटलाही झाला नाही, कारण कायदा मोडलेलाच नव्हता. चौकशी होणार असती तर मी घेतल्याच नसत्या, असं ती नंतर म्हणाली. तुरुंगात गेला तो ज्यानं चौथी बंदूक, एक पिस्तूल, पाचशे डॉलरला थेट सतरा वर्षांच्या मुलाला विकली तो. २००० साली कोलोरॅडोच्या मतदारांनी प्रदर्शनातल्या खाजगी विक्रीला चौकशी सक्तीची केली. टेक्ससनं केली नाही.

त्या विक्रेत्यांना समोर काय दिसलं असेल? हसतमुख, नीटनेटकी, अठरा वर्षांची मुलगी. माझ्यासमोर जसा आरतीवाला मुलगा.

मित्रानं मग वेगळीच शक्कल काढली, "मीच घेतो, मग तो वापरेल." खाजगीत हेही बसवता येतं. पण त्यावरून मला ॲब्राम्स्की आठवला. व्हर्जिनियातला माजी पोलीस, त्यानं डिस्काउंट मिळतो म्हणून आपल्या अंकलसाठी दुकानातून ग्लॉक पिस्तूल घेतलं. अंकलनं चारशे डॉलरचा चेक आधीच पाठवला होता, त्यावर कशासाठी तेही लिहिलेलं. दोघंही बंदूक बाळगायला पूर्ण पात्र. पण फॉर्मवर 'खरा खरेदीदार मीच' अशी खूण केली, आणि २०१४ साली सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार अशी त्याची शिक्षा कायम केली. अंकल म्हणजे काका की मामा ते निकालातून कळत नाही, पण काका-पुतण्याच्या व्यवहारात कागद नीट असावा हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

मी नाही म्हटलं. पिस्तूल त्या म्हाताऱ्यालाच दोनशे चाळीसला विकलं. एकशे साठ डॉलरचं नुकसान, आणि मित्र दिवाळीला आला नाही. मुलगा आला, पण चिवड्याची वाटी घेऊन दुसऱ्या खोलीत बसला.

आता या निकालावर. त्याला वाटतंय मी चिडेन. अरे, मी उलट या निकालावर तितका नाराज नाही. निकालाचा तर्क असा की १७९२ च्या मिलिशिया (नागरिकांचं सैन्य) कायद्यात अठराच्या तरुणांवर बंदूक घेऊन हजर राहायची सक्तीच होती, मग त्यांना 'जनता' या शब्दातून वगळता कसं येईल. त्या काळची पोरं कॉलेजसाठी दूरच्या शहरात एकटी राहत नव्हती, हा भाग वेगळा. पण अठराला पिस्तूल मिळायचंच असेल तर ते दुकानातून मिळू दे. तिथे फॉर्म आहे, चौकशी आहे. आणि टेक्ससमधल्याच युव्हाल्डीच्या शाळेत अठरा वर्षांच्या मुलानं एकोणीस लेकरं आणि दोन शिक्षिका मारल्यावर २०२२ च्या जूनमध्ये जो कायदा झाला, त्यानं एकवीसच्या आतल्या खरेदीदाराच्या अल्पवयातल्या नोंदीही बघायला लावल्या, आणि शंका आली तर विक्री कामाच्या दहा दिवसांपर्यंत थांबवायची सोय केली. दहा दिवसांत माणसाचं डोकं थंड होतं. माझ्या पार्किंगच्या व्यवहारात दहा मिनिटंही नव्हती.

हे सगळं त्याला पाठवलं. प्रकरण खालच्या कोर्टात परत गेलं होतं, दुकानं लगेच विकायला लागलेली नव्हती, हेही लिहिलं. बराच वेळ दोन निळ्या टिका. मग त्याचा मेसेज आला.

"मे मध्ये एकवीस होतोय. दुकानात याल का बरोबर? बाबांना यातलं काही कळत नाही."

येतो म्हटलंय. त्याच म्हाताऱ्याकडे जाऊ.