एलास्मोसॉरस डायनासोर नव्हता, आणि तो पांडवलेणीच्या डोंगरातही सापडणार नाही

नाशिकमधील काही व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक चित्र फिरते आहे. हंसासारखी मान उंचावून पाण्याबाहेर पाहणारा एलास्मोसॉरस, आणि खाली मजकूर असा: हा लांब मानेचा समुद्री डायनासोर कासवाप्रमाणे किनाऱ्यावर अंडी घालत असे आणि पांडवलेणीच्या डोंगरातही त्याचे सांगाडे दडलेले असू शकतात.

पहिली चूक वर्गीकरणाची आहे. रिचर्ड ओवेन यांनी 1842 मध्ये रूढ केलेली डायनासोर ही संज्ञा प्रत्येक नामशेष अजस्र सरपटणाऱ्या प्राण्याला लागू होत नाही. डायनासोरांचे पाय शरीराखाली सरळ उभे असत आणि खुब्याची खोबण सामान्यतः आरपार उघडी असे. एलास्मोसॉरस ज्या प्लेसिओसॉर नावाच्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांपैकी होता, त्यांची खोबण बंद होती आणि चारही पायांची वल्ही झालेली होती. ते सॉरोप्टेरिजिया या वेगळ्या गटात मोडतात. लांब मान हीदेखील नात्याची खूण नव्हे, कारण प्लेसिओसॉरांपैकीच आखूड मानेचे पॉलिकोटिलिड हे आखूड मानेच्याच प्लायोसॉरांपेक्षा एलास्मोसॉरसच्या कुळाला जवळचे मानले जातात.

मानेबाबत थोर माणसेही फसली आहेत, हे मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूने सांगायला हवे. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ एडवर्ड कोप यांनी 1868 मध्ये या प्राण्याचे वर्णन करताना डोके चक्क शेपटीच्या टोकाला बसवले होते. त्यांचेच समव्यवसायी जोसेफ लीडी यांनी ती चूक उघड केली. मानेत 72 मणके होते, परंतु ते एकमेकांत असे बसत की हंसासारखा बाक शक्य नव्हता. शिवाय पाण्याचा आधार सोडून इतकी जड मान उचलणे त्याला झेपलेच नसते.

अंड्यांचा दावाही टिकत नाही. पॉलिकोटिलिडांपैकी पॉलिकोटिलस या प्राण्याच्या एका मादीच्या पोटात एकच मोठा गर्भ असल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. एलास्मोसॉरसचा असा जीवाश्म मिळालेला नसला, तरी इतक्या जवळच्या नातलगाने पिल्लाला जन्म दिला असताना किनाऱ्यावरच्या घरट्याची कल्पना निराधार ठरते.

राहिला पांडवलेणीचा त्रिरश्मी डोंगर. पांडवलेणी ज्या बेसाल्टमध्ये कोरली आहेत, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे. शेवटचे प्लेसिओसॉरही साधारण त्याच सुमारास संपले, पण काळ जुळला म्हणून जागा जुळत नाही. कोप यांच्यापुढे आलेला सांगाडा कॅन्ससमधील शेल खडकात, म्हणजे समुद्रतळाच्या घट्ट झालेल्या चिखलात मिळाला होता. आपल्या काळ्या कातळाखाली तसा समुद्रतळ नव्हे, आधीच्या लाव्हाचेच थर आहेत.