पेनल्टीची नोटीस आली म्हणजे विषय संपला? त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

सध्या एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. म्हणे इन्कम टॅक्सची पेनल्टीची नोटीस आली की 200 टक्के ठरलेलेच, टॅक्स भरला तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, उत्तर देऊन काही उपयोग नाही आणि अपील फक्त मोठ्या लोकांना परवडतं. हे वाचून लोक, त्यातही रिटायर झालेली माणसं, घाबरून नोटीस तशीच पडू देतात आणि खरं नुकसान तिथेच होतं, म्हणून लिहितेय. खालची कलमं 1961 च्या कायद्यातली आहेत, जुन्या वर्षांच्या केसना तीच लागतात.

"200 टक्के ठरलेलेच." अजिबात नाही. कलम 270ए मध्ये दोन दर आहेत. उत्पन्न नुसतं कमी दाखवलं गेलं असेल तर त्यावरच्या टॅक्सच्या 50 टक्के, खोटी नोंद, बिनपुराव्याचा खर्च, माहिती दडवणं असलं काही असेल तर 200. म्हणजे एफडीचं व्याज रिटर्नमध्ये राहून गेलं आणि त्यावर टॅक्स 24,000 निघाला तर प्रश्न 12,000 चा आहे की 48,000 चा, हे टॅक्स ठरवणाऱ्या ऑर्डरमध्ये (असेसमेंट ऑर्डर) 'अंडर-रिपोर्टिंग' (नुसतं कमी दाखवणं) लिहिलंय की 'मिसरिपोर्टिंग' (खोटं दाखवणं) यावर ठरतं. तो शब्द आधी शोधा.

"टॅक्स भरला की कबुली." हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण सुटकेचा सोपा रस्ता नेमका इथूनच जातो. कलम 270एए नुसार त्या ऑर्डरमधला टॅक्स आणि व्याज डिमांड नोटिशीच्या (पैसे भरायला सांगणाऱ्या नोटिशीच्या) मुदतीत भरलं, त्या ऑर्डरविरुद्ध अपील केलं नाही आणि ऑर्डर हातात पडली तो महिना संपल्यापासून एका महिन्यात फॉर्म 68, म्हणजे या सुटीचा अर्ज, भरला, तर पेनल्टीतून सूट मिळते, खटल्यातूनही. मिसरिपोर्टिंग असेल तर मात्र नुसता टॅक्स आणि व्याज भरून हा रस्ता मिळत नाही. आणि टॅक्सच मान्य नसेल तर अपीलच करावं लागतं, दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून सीएकडे बसून हे पहिल्या आठवड्यातच ठरवा, मुदत गेली की फॉर्म 68 हातातून गेला.

"उत्तर देऊन उपयोग नाही." कलम 274 प्रमाणे म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय पेनल्टी लावताच येत नाही. कायद्यात तरतूद आहे एवढ्यावरून दंड ठोकायचा नसतो, हे सुप्रीम कोर्टाने हिंदुस्तान स्टीलच्या केसमध्ये 1969 सालीच सांगितलंय. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने 2021 मध्ये, 270ए च्या आधीच्या 271(1)(सी) या पेनल्टीच्या कलमाच्या केसमध्ये, नोटिशीत छापलेल्या दोन आरोपांपैकी (उत्पन्न लपवलं की चुकीची माहिती दिली) लागू नसलेला पर्याय खोडलाच नाही तर पेनल्टी टिकत नाही असं ठरवलं. म्हणजे नोटीस शब्दन् शब्द वाचायची असते. ऑडिट रिपोर्ट उशिरा गेला अशा प्रकारांत 273बी खाली वाजवी कारण सिद्ध केलं तर पेनल्टी लागत नाही, पण सिद्ध करायचं म्हणजे हॉस्पिटलची कागदपत्रं, तारखा, सगळं जोडायचं, नुसतं "तब्येत बरी नव्हती" लिहून भागत नाही. रिटर्न उशिरा भरल्याचे 5,000 मात्र 234एफ ची फी आहे, तिला हे कारण चालत नाही.

"अपील परवडत नाही." कमिशनर (अपील्स) कडे फॉर्म 35 ऑनलाइन भरायचा, 30 दिवसांत, सरकारी फी जास्तीत जास्त 1,000 रुपये. सीएची फी वेगळी, ती आधी विचारून घ्या.